'ता'च्या अलीकडे, 'जा'च्या पलीकडे

११ मार्च, दुपारी

ती. बाबांना,

साष्टांग नमस्कार घालायची सोय नाही. पोटावर टाके आहेत, वाकलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात. तेव्हा बसल्या बसल्या हात जोडते, गोड मानून घ्या.

तुम्ही आजोबा झालात. आईने इथून शिंप्याला फोन केला, शिंप्याने हातातली कात्री ठेवून शेजारी स्टुडिओत येऊन तुम्हाला सांगितलं, आणि तुम्ही "बरं" म्हणून डार्करूममध्ये गेलात. हे सगळं शिंप्याने आईला परत फोन करून कळवलं. गिऱ्हाईक नाही, धुवायला फिल्म नाही, तरी तुम्ही आत कशाला गेलात ते मला कळलं. डोळे पुसायला ती खोली बरी. लाल दिव्यात डोळे लाल दिसत नाहीत.

पत्र लिहितेय कारण दुसरा इलाज नाही. मोबाईल कानाला लावायचा नाही ही तुमची शपथ, आणि ती तुम्ही चार वर्षं पाळलीत. मोबाईलने तुमचा स्टुडिओ बसवला, आणि तुमच्याच मुलीने मोबाईलच्या कंपनीत नोकरी धरून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर टॉवर उभा केला. "बापाच्या पोटावर पाय दिलास," हे माझ्याशी तुमचं शेवटचं वाक्य. त्यानंतर टॉवरकडची खिडकी तुम्ही काळ्या कापडाने बंद केलीत असं ऐकलं. बाबा, काळ्या कापडाने उजेड अडतो. माझ्या लहरी त्यातून ये-जा करतात आणि कापडाला पत्ताही लागत नाही. पण ते भांडण आज नको. दुपारच्या बसचा ड्रायव्हर पाकीट न्यायला कबूल झालाय, पाकिटात मावेल तेवढंच लिहिते.

पोर वेळेच्या बरीच आधी आली. तुमच्या मोठ्या कॅमेऱ्याची पेटी तिच्यापेक्षा जड भरेल. बोटं आगकाडीएवढी, पण प्रत्येकाला नख आहे, आणि नाक सरळ तुमच्याकडून आलंय. त्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे. तिची काचेची पेटी खिडकीशेजारी, म्हणून सिस्टर तिला 'खिडकीवाली' म्हणतात. अंगाने ती पिवळी पडली आहे. लवकर आलेल्या बाळांना अशी कावीळ होते, म्हणून तिला निळ्या दिव्याखाली ठेवलंय. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि हातपाय पसरून अशी पडलेली असते की जणू समुद्रावर सुट्टीला आली आहे.

तुमचे दोन निरोप आईने आल्या आल्या पोचवले. पहिला, टॉवरच्या लहरींनी पोर वेळेआधी बाहेर काढली. त्यावर मी आज काही लिहिणार नाही. दुसरा, तिला निळ्या दिव्याखालून आधी काढा, निळ्याने नासाडी होते, लाल लावा. नुसता निरोप नाही, टॉवेलात गुंडाळून डार्करूमचा जादा लाल दिवासुद्धा पाठवलात. सिस्टरने तो हातात घेऊन उलटासुलटा बघितला आणि विचारलं, "हा लावायचा कुठे?" मी म्हटलं, "माझ्या वडिलांच्या डोक्यात." रागावू नका. मला हसू आवरत नव्हतं आणि हसलं की टाके दुखत होते.

'नासाडी' हा शब्द किती वर्षांनी कानावर आला! कुणी पाहुण्याने चुकून डार्करूमचं दार ढकललं की आतून तुमची आरोळी यायची, "नासाडी!" आणि पाहुणा बिचारा चहा न पिताच निघून जायचा. तुमच्या जन्मात निळा उजेड म्हणजे कागदाचा काळ. तुम्हाला नातीची काळजी वाटली तर ती निळ्याचीच वाटणार.

शाळेत आमच्याकडून तानापिहिनिपाजा पाठ करून घेतलं होतं, आठवतं? तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. मी घरी येऊन घडाघडा म्हणून दाखवलं. शाबासकी द्यायचं सोडून तुम्ही विचारलंत, "आणि 'ता'च्या अलीकडे काय? 'जा'च्या पलीकडे काय?" मी रडकुंडीला आले. बाईंनी एवढंच शिकवलं होतं. मग तुम्ही दाराच्या कडीला दोरी बांधलीत आणि तिचं दुसरं टोक माझ्या हातात दिलंत. हळू हलवली तर एकच लांब लाट. "ही 'ता'कडची." मग म्हणालात, जोरात हलव, अजून जोरात, आणि दोरीवर आखूड आखूड लाटा धावायला लागल्या. "ही 'जा'कडची. हात दुखला?" दुखला. "लाट जेवढी आखूड तेवढा हात जास्त दुखतो. ते दुखणं गेलं कुठे? दोरीत गेलं. म्हणून 'ता'कडे आळस आणि 'जा'कडे धार." पुढे मी यावर जाड जाड पुस्तकं वाचली, परीक्षा दिल्या. पण वर्गात सर फळ्यावर लाटा काढायचे तेव्हा माझा दंड दुखायचा. असं शिकवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

इथे तिच्या पेटीभोवती ती सगळी दोरी ताणलेली आहे. वरून ऊब देणारं यंत्र आहे. त्याचा खरा उजेड 'ता'च्या जरा अलीकडचा, दिसत नाही, नुसता उबदार लागतो. मधे हा निळा. पहिल्या दिवशी छातीचा एक्स-रे काढला, तो पार 'जा'च्या पलीकडचा. काढणाऱ्याने सगळ्यांना बाहेर घालवलं, एवढी त्याला धार. आणि माझ्या खिशातला फोन, तो 'ता'च्या इतका अलीकडे की त्याची एकेक लाट वीतभर लांब असते.

डॉक्टर समाधानी आहेत. काविळीचा आकडा ठीक आहे. काळजी करू नका.

तुमचं माकड

(टॉवरवर चढणाऱ्या मुलीला बापाने लहानपणीच हे नाव ठेवावं, म्हणजे भविष्य तुम्हाला कळत होतं.)


१२ मार्च, सकाळी

बाबा,

आज नमस्कार नाही.

लाल दिव्याबरोबर तुम्ही आईकडे नारिंगी जिलेटीनचा कागद दिला होतात. मला न दाखवता. "दिवा लावू देणार नाहीत, हा तरी वर टाक," असं तिला सांगून. काल तुमचं पत्र लिहून मी दूध काढायला आतल्या खोलीत गेले आणि आईने तो कागद पेटीवर पसरला. निळा दिवा चालूच होता, त्यामुळे लांबून कुणाला काही वेगळं दिसेना. सिस्टर दुसऱ्या बाळाजवळ गुंतल्या होत्या. त्या आल्या आणि थबकल्या. "ही खिडकीवाली आज संत्र्यासारखी का दिसतेय?"

आई म्हणाली, "अहो, फोटोमास्तरांनी सांगितलंय. डोळ्यांना बरं असतं."

सिस्टर ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागद उचलला, घडी घातली आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, हा दिवा म्हणजे तिचं औषध आहे. बाटली नाही, नळी नाही, म्हणून दिसत नाही एवढंच. तुम्ही तिचं औषध बंद केलंत." आई बाहेर जाऊन बाकावर बसली. तोंडाला पदर लावून जी रडायला लागली ती चहा गार होईपर्यंत रडत होती. मी तिला एका शब्दाने बोलले नाही. बोलायचं होतं ते तुम्हाला बोलतेय.

आता खरं सांगते. काल मी लिहिलं की आकडा ठीक आहे. तो ठीक नव्हता. संध्याकाळच्या तपासणीत तो आणखी चढला. डॉक्टर म्हणाले, कदाचित तसाही चढला असता, कुणावर खापर फोडू नका. त्यांचा स्वभाव चांगला आहे, माझा तुमच्यासारखा आहे. परवा संध्याकाळपर्यंत वाट बघणार. तोवर उतरला नाही तर तिचं रक्त बदलावं लागेल. थोडं थोडं काढायचं आणि दुसऱ्याचं भरायचं. एवढ्याशा जिवाच्या अंगात रक्त असतं किती? चहाचे दोन कप भरतील एवढंसुद्धा नाही. पिवळेपणा फार वाढला तर तो मेंदूपर्यंत जातो, म्हणून हे.

आता तुमचा कागद. तुम्हाला ऐकून बरं वाटेल की तो अजून चोख काम करतो. इतक्या वर्षांचा जुना कागद, पण निळ्याचा एक कण खाली जाऊ दिला नाही त्याने. डार्करूममध्ये हेच त्याचं मोठेपण होतं. इथे त्यानेच घात केला.

निळाच का, ते ऐका, म्हणजे पुन्हा पार्सल येणार नाही. तिच्या रक्तातला जो पिवळा पदार्थ आहे त्याची ठेवण अशी वाकडी की पाण्यात तो विरघळत नाही. तो बाहेर काढायचं काम यकृताचं, आणि तिचं यकृत अजून शिकाऊ आहे. निळा उजेड कातडीतून आत जातो आणि त्या पदार्थाला असा हिसका देतो की त्याची ठेवण बदलते. मग तो विरघळतो आणि लंगोटात येऊन पडतो. हे लाल उजेडाने होत नाही. कितीही लाल ओता, होत नाही. कारण उजेड काही पाण्यासारखा सलग पडत नाही, तो दाण्यादाण्यांनी पडतो, आणि हिसका द्यायचा तो एकट्या दाण्याने द्यायचा असतो. लालची लाट लांब, म्हणून त्याचा दाणा हलका. निळ्याची लाट आखूड, म्हणून त्याचा दाणा भारी. फळीवर शंभर बोटांनी टिचक्या मारल्या म्हणून खिळा आत जात नाही. हातोडीचा एकच घाव पुरतो.

हे तुम्हाला मी सांगावं? तुम्ही लाल दिव्याखाली बसून, गाणं गुणगुणत, आरामात कागद कापायचात. कागदाला काही व्हायचं नाही. आणि दाराच्या फटीतून बाहेरचा उजेड डोळा मिचकावण्याएवढा आला की गेला कागद. का जातो, हे मला पहिल्यांदा तुम्हीच विचारायला लावलंत. ज्या हिसक्याने तुमचा कागद काळा पडतो, तसल्याच हिसक्याने तिचा पिवळेपणा सुटतो. तुम्ही जिला नासाडी म्हणता ती इथे औषध आहे.

पार्सल पाठवू नका. प्रार्थना करा, किंवा तुमच्या पद्धतीने देवाशी भांडा.

तुमची मुलगी


१३ मार्च, सकाळी

ती. बाबांना,

स्टुडिओचं जुनं पाकीट, त्याच्या पाठीवर तुमचं अक्षर. ड्रायव्हरने ते दोन बोटांत धरून उंच करून दाखवलं तेव्हा मी टाके विसरून धावले.

"जिलेटीन. चूक माझी. आईला बोलू नकोस. टॉवरचं म्हणणं कायम."

चार वर्षांनी चार वाक्यं. मी ती आईला वाचून दाखवली. तिसऱ्या वाक्याला ती पुन्हा रडली, पण हे रडणं निराळं होतं. त्यानंतर ती पोटभर जेवली. बाबा, तुमचं मला हेच आवडतं. चूक झाली तर तुम्ही तिला पावडर लावून, नीट बसवून, बरा कोन शोधत नाही. झाली म्हणता. माझ्या ऑफिसात मोठमोठे साहेब आहेत, पण असं लिहिणारा एक दाखवा.

चौथ्या वाक्याबद्दल आता लिहिते.

आकडा काल संध्याकाळी होता तिथेच आहे. चढला नाही, उतरलाही नाही. सिस्टर दिव्याच्या अंतरावर अशी नजर ठेवून असतात जशी तुम्ही फोटो मोठा करायच्या एन्लार्जरच्या उंचीवर ठेवायचात. बाळाला उलटंपालटं करतात, पाठीलाही उजेड मिळावा म्हणून. काल म्हणाल्या, "तुमच्या वडिलांना विचारा, दोन्ही बाजूंनी सारखा उजेड द्यायची काही युक्ती आहे का." थट्टेत म्हणाल्या. तरी मला अभिमान वाटला. मग त्यांनी गादीच्या कडेला पांढरं कापड उभं लावलं, निळा त्यावर आपटून बाळावर यावा म्हणून. मी ते बघत राहिले. हे तर तुम्ही गिऱ्हाइकाच्या गालावरची सावली घालवायला करायचात!

तर टॉवर. आईने परवा ते वाक्य सांगितलं, आणि तिला वाटलं मी मनावर घेतलं नाही. पण सगळी दुपार मी रिकाम्या पोटावर हात ठेवून बसले होते. मी ही विद्या शिकलेय. त्या लाटा किती लांब, त्यांचा दाणा किती पोचट, हे मला झोपेत विचारा. पोटात ती आहे हे कळल्यापासून मी टॉवरवर चढलेही नव्हते, ऑफिसातच काम करत होते. अँटेनाच्या अगदी तोंडाशी उभं राहिलं तर अंग तापतं, म्हणून वर चढायच्या आधी आम्ही ती बंद करतो. हा आमचा नियम आहे, आणि मी तो कधी मोडला नाही. डॉक्टरांनी तर कारण सरळ सांगितलंय, माझा रक्तदाब वाढला होता. हे सगळं मला माहीत आहे. तरी त्या दुपारी मनात आलं, बाबा म्हणतात ते खरं असलं तर? माहीत असणं वेगळं आणि बापाने म्हटलेलं वेगळं. ते वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी वड्याचं तेल वांग्यावर म्हणून सोडून दिलं असतं.

तुम्हाला पुस्तकातलं दाखवून उपयोग नाही, तुम्ही पुस्तकाला छापील फोटो म्हणता. तुमचा विश्वास कागदावर. मग कागदालाच विचारा की. हातच्या काकणाला आरसा कशाला? तुमच्याकडे ब्रोमाइड कागदाचा जुना डबा अजून असेल, धुण्याचं रसायनही असेल, तुम्ही ते टाकणाऱ्यांतले नाही. तीन तुकडे कापा. एक लाल दिव्याखाली ठेवा. एकाला निळं जिलेटीन लावलेल्या बॅटरीने डोळा मिचकावण्याएवढा उजेड दाखवा. आणि तिसरा काळ्या पाकिटात घालून त्यावर शिंप्याचा मोबाईल ठेवा. पाकीट विसरू नका, फोन वाजला की त्याचा पडदा उजळतो आणि त्यात निळं भरपूर असतं. मी इथून फोन लावत राहीन. वाजणारा फोन काही मुका बसत नाही, तोही टॉवरशी बोलतो, आणि तुमच्या कागदापासून बोटभर अंतरावर बसून बोलतो. समोरचा टॉवर तर रस्त्यापलीकडे आहे.

कागद म्हणजे बाळ नव्हे, हे मला कळतं. हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकते. पण जी लाट हिसका देते ती तुमच्या कागदाला आधी कळते, हे तुम्हीच मला शिकवलंत. माझ्या लाटेचा दाणा तुमच्या त्या लाल दिव्यापेक्षा लाखो पटींनी दुबळा आहे. आणि आई सांगते, मी रांगायला लागेपर्यंत त्या लाल दिव्याखाली टोपलीत झोपायचे, तुम्ही कागद धूत असताना. तेव्हा तुम्हाला भीती वाटली नाही.

उद्या संध्याकाळी डॉक्टर ठरवणार. तोवर मला तुमचं उत्तर हवंय. ते आलं म्हणून तिचा आकडा उतरणार नाही, एवढी वेडी मी नाही. पण उद्या तिला ते आत नेतील तेव्हा मला तिच्याकडे बघता आलं पाहिजे.

माकड


१५ मार्च, सकाळी

ती. बाबांना,

फोनवर मला काही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. काल तुमच्या बाजूला काय चाललं होतं ते तुम्हाला माहीत. इकडचं ऐका.

सकाळच्या बसने तुमचं पाकीट आलं. "पाच वाजता फोन करत राहा. उचलणार नाही. पाकिटाचं मला शिकवू नकोस." आईने ते वाचलं आणि म्हणाली, "करतायत म्हणजे! रात्री झोपले नसतील, डबा शोधत बसले असतील." मग स्वतःशीच हसली. "रसायन गरम पाण्यात विरघळवायला स्वयंपाकघरातलं माझं पातेलं घेतलं असणार मेल्याने." इतक्या वर्षांत तुम्हाला 'मेल्याने' म्हणताना मी तिला पहिल्यांदा ऐकलं. प्रेमाने म्हणाली.

साडेचारला सिस्टरने बाळाच्या टाचेतून रक्त घेतलं. टाच तरी केवढी, माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी. ती रडली, आणि रडण्याचा आवाज परवापेक्षा मोठा होता. हे चांगलं की वाईट ते विचारायचा मला धीर झाला नाही. बाटली तपासायला गेली. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि पाच वाजता शिंप्याचा नंबर लावला.

रिंग वाजत राहिली. थांबली, पुन्हा लावली. बाबा, कुणीतरी उचलू नये म्हणून फोन करायची ही माझी पहिलीच वेळ. एरवी उचलला नाही की माणसाला वाईट वाटतं, काल रिंग वाजते आहे याचंच बरं वाटत होतं. मला सगळं दिसत होतं. आतली कडी लावलेली, चष्मा कपाळावर, काळ्या पाकिटावर तो फोन खरखरत सरकतोय आणि तुम्ही तो बोटाने पुन्हा मधे आणताय. माझा आवाज तर तुम्हाला नको होता. पण वीतभर लांबीच्या माझ्या लाटा तुमच्या समोरच्या गच्चीवरून उतरून, काळं कापड ओलांडून, तुमच्या टेबलापर्यंत येत होत्या. मी लावलेल्या टॉवरवरून. बाकावर बसल्या बसल्या मला एकाएकी तुमचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. तुमच्या वयाचे लोक एकदा मत बनलं की त्यावर घर बांधतात. तुम्ही मुलीवर चार वर्षं धरलेला राग टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, बघू कागद काय म्हणतो.

आई मधेच विचारत होती, "उचलला?" मी म्हणत होते, "नाही." "छान," ती म्हणायची. शेजारच्या बाकावरच्या बाई आमच्याकडे चमत्कारिक नजरेने बघायला लागल्या.

मग फोन बंद लागायला लागला. म्हणजे तुम्ही तो शिंप्याला परत देऊन बंद करायला लावलात, आता कागद रसायनात गेला असणार. इकडे डॉक्टर आले. त्यांच्या हातात चिठ्ठी होती. त्यांनी ती मला वाचायला दिली, कारण परवा मी त्यांना आकड्यांवरून फार छळलं होतं. आकडा उतरला होता. थोडासा नाही, चांगला उतरला होता. ते म्हणाले, "रक्त बदलायची गरज नाही. निळ्याने काम केलं." सिस्टर काचेतून बाळाला म्हणाल्या, "काय गं खिडकीवाले, घाबरवलंस ना आम्हाला?" आणि पांढरं कापड नीट केलं, जणू काही झालंच नाही.

मला हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायचं होतं. तेवढ्यात फोन वाजला. शिंपी होता. "मास्तर बोलतायत. मी लावून दिलाय, माझं गिऱ्हाईक उभं आहे, मी चाललो." मग खूप वेळ नुसता नळाचा आवाज. मी पाण्यात पडणारं पाणी ऐकत उभी होते. शेवटी तुमचा आवाज आला, फोन तोंडापासून हातभर लांब धरल्यासारखा.

"निळा, कोळसा."

मी फोन कानाशी घट्ट धरला.

"लाल, पांढरा."

आता तिसरा.

"फोनचा…" तुम्ही थांबलात. ओला कागद उजेडाकडे धरून बघत होतात, हे मला कळत होतं. तुम्ही कधी घाईने निकाल दिला नाहीत. "कडा करड्या आहेत. ते कागदाचं वय. मधे पांढरा आहे." मग पुन्हा, "मधे पांढराच आहे गं, माकडा."

तुम्ही करड्या कडांचं सांगितलं नसतं तरी चाललं असतं. मला ते कधी कळलं नसतं. पण तुम्ही सांगितलंत, आणि म्हणूनच मी पुढचं खरं मानलं. चार दिवस माझ्या पोटावर एक हात होता, तो निघाला. मी रडत होते. तुम्ही विचारलंत, "तिकडे?" मी एवढंच म्हणू शकले, "उतरला." तुम्ही म्हणालात, "हं." मग पुन्हा नळ. मग भांड्याचा आवाज, आईच्या पातेल्याचाच असणार.

त्यानंतर तुम्ही विचारलंत, "आता हा बंद कसा करायचा?"

बाबा, मी टॉवर उभे करते. मला नक्कीच माहीत होतं. मी सांगितलं नाही.